पोट भरलं हे कळणार कसं? वजनाच्या ऑपरेशननंतर भूक आणि तृप्ती पुन्हा ओळखताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवण्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. वजन उतरतंय, रिपोर्ट चांगले आहेत, पण जेवताना ‘आता पुरे’ हे कळतच नाही. चार घास छान जातात, पाचवाही जातो आणि सहाव्याला छातीत एकदम दाटून येतं, तोंडात लाळ भरते, कधी उलटी होते. उलट सूप किंवा दही असलं, तर वाटी संपली तरी काहीच जाणवत नाही. तिसरी गोष्ट तुम्ही संकोचून, शेवटी लिहिली आहे: पोटात जागा उरलेली नसते, तरी जेवल्यासारखं वाटत नाही. घरचे म्हणतात, ‘एवढंसं पोट राहिलंय, तरी कळत कसं नाही?’ आणि तुम्ही विचारता, ‘माझं ऑपरेशन फसलं का?’

नाही, फसलेलं नाही. असं ऑपरेशन झालेल्या लोकांच्या आहाराचं काम मी सतरा वर्षं करते आहे, आणि पहिल्या सहा महिन्यांत हा प्रश्न पडला नाही असा माणूस मला क्वचितच भेटला. तिसऱ्या गोष्टीबद्दल संकोच तर अजिबात नको. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. त्यावर मी जास्त लिहिणार आहे, पण आधी पोटाकडे पाहू.

ऑपरेशनपूर्वी पोट भरल्याचं तुम्हाला कशावरून कळायचं, ते आठवून पाहा. बहुतेक जण मला सांगतात, ‘पोट जड व्हायचं’, ‘कपडे घट्ट वाटायचे’, ‘बसवेना की समजायचं’. म्हणजे ज्याला आपण पोट भरणं म्हणत होतो, ती खरं तर तडस होती. भूक भागल्याची खूण त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असायची. ती बारीक असल्यामुळे, आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे लक्ष न दिल्यामुळे, ऐकू येईनाशी झालेली होती. यात तुमचा दोष काढायचा नाही. वारंवार डाएट करणाऱ्या माणसाला दिवसभर भुकेकडे दुर्लक्ष करायला शिकवलं जातं. भूक ऐकायची नाही असं ठरवल्यावर पोट भरल्याचा आवाज तरी कुठून ऐकू येणार?

आता जठरात काय बदललं ते समजून घ्या. रिकामं जठर साधारण मुठीएवढं असतं. आपण जेवू लागलो की त्याचा वरचा घुमटासारखा भाग सैल होतो आणि जागा करून देतो. त्यामुळे लिटरभर किंवा त्याहूनही जास्त अन्न आत गेलं तरी आतला दाब फारसा वाढत नाही. जठराच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. ते व्हेगस नावाच्या मोठ्या मज्जातंतूमार्फत मेंदूच्या तळाशी निरोप पोचवतात. तुमच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढला गेला, आणि त्यात हा सैल होणारा घुमटही गेला. जी उरली ती अरुंद, कमी ताणली जाणारी नळी. ती जागा करून देत नाही. त्यामुळे निरोप पूर्वीसारखा सावकाश चढत येत नाही. आधी काहीच नाही, आणि मग एकदम दाब. तुमच्या चौथ्या आणि सहाव्या घासामधला फरक तो हाच.

शिवाय निरोप येण्याची जागाही बदलली आहे. पूर्वी तुम्ही तो बेंबीच्या वर, पोटाच्या मध्यावर शोधत होतात. आता तो छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, दोन्हीकडच्या बरगड्या मिळतात तिथे येतो. ज्यांचं बायपास झालंय, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडली आहे, त्यांची तर नवी पिशवी सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटरची असते आणि तिथेच वर बसलेली असते. कितीतरी लोक महिनोन्महिने चुकीच्या जागी लक्ष ठेवून ‘काहीच जाणवत नाही’ म्हणत असतात. माझ्यासमोर बसलेल्या व्यक्तीला मी पहिल्यांदा एवढंच सांगते, की तुमचा हात पोटावरून चार बोटं वर घ्या.

त्या जागी येणारा दाब हा मात्र उशिराचा निरोप आहे. त्याच्या आधी शरीर आणखी काही सांगत असतं, आणि ते प्रत्येकाचं निराळं असतं. कुणाला एकच बारीक उचकी लागते. कुणाचं नाक वाहू लागतं. सर्दी नसते, नेमकं जेवतानाच होतं. कुणाला शिंक येते, कुणाला खोल सुस्कारा, कुणाला छोटी ढेकर. आपल्याकडे ढेकर म्हणजे तृप्ती असं समीकरण आहे, पण तुमच्या बाबतीत ती ‘थांबा, वर जागा संपत आलीय’ अशी सूचना असू शकते. काहींच्या डाव्या खांद्याच्या टोकाला हलकं दुखतं, कारण श्वासपटलाला धक्का लागला की तिथली जाणीव खांद्याशी उमटते. आणखी एक खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, पण ती शरीरातली नाहीच, वागण्यातली आहे. घास घेण्याचा वेग आपोआप मंदावतो. चमचा अन्नात नुसता फिरू लागतो. बोलणं वाढतं. एका शिक्षिकेने मला सांगितलं होतं, ‘मी मागे रेलून बसले की माझं झालेलं असतं, फक्त ते मला माहीत नसतं.’ तिने नंतर पाठ टेकली की ताट बाजूला ठेवायचं असा नियमच केला, आणि तिच्या उलट्या थांबल्या.

तुमची खूण कोणती, हे मी सांगू शकत नाही. पण ती सापडण्याची रीत आहे. पुढच्या वेळी छातीत दाटून आलं की घाबरून उठायच्या आधी मनातल्या मनात मागे जा. त्याच्या आधीच्या मिनिटात काय झालं होतं? नाक पुसलं होतं का? थांबून श्वास घेतला होता का? लगेच दोन शब्दांत लिहून ठेवा. दहा-बारा वेळा लिहिलं की बहुधा एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसू लागते. अडकल्याचा हा त्रास म्हणजे नुसता दंड नव्हे, त्याच्या आधीचं मिनिट तुम्हाला हवी असलेली माहिती देतं.

यानंतर प्रश्न बदलायचा, आणि मी सांगते त्यातलं हे सगळ्यात कामाचं आहे. जेवताना आपण मनाशी विचारत असतो, ‘अजून जाईल का?’ लहानपणापासून ताट रिकामं करायची सवय असलेल्या माणसाचा तो नेहमीचा प्रश्न. तुमच्या नव्या जठरात या प्रश्नाचं उत्तर ‘हो’पासून ‘नाही’पर्यंत एका घासात बदलतं, म्हणून तो धोक्याचा. त्याऐवजी विचारा, ‘अजून हवंय का?’ जाण्याचा संबंध जागेशी आहे, हवं असण्याचा भुकेशी. पोट भरेपर्यंत जेवायचं नाही. भूक जाईपर्यंत जेवायचं. या दोन्हींत तुमच्या बाबतीत दोन-तीन घासांचंच अंतर आहे, पण सुखाने जेवण्यातलं आणि बेसिनकडे धावण्यातलं अंतरही तेवढंच आहे.

भुकेला एक ते दहा गुण देण्याची पद्धत तुम्हाला कुणीतरी सांगितली असेल. मी ती वापरत नाही. चार आणि पाचमधला फरक ओळखायला जी जाणीव लागते तीच तर आपण शोधतोय. तीन शब्द पुरतात: भूक आहे, भूक नाही, भरलं. जेवण ‘भूक नाही’ला थांबवायचं. ‘भरलं’पर्यंत गेलात तर अपराधी वाटून घेऊ नका, वहीत नोंद करा.

आता थोडं तंत्राबद्दल. घास छोटा, चमचाही छोटा, आणि घास तोंडात असताना चमचा खाली ठेवलेला. पुढचा घास आधीचा पूर्ण गिळून झाल्यावरच. निम्मं झालं की दोन मिनिटं खरोखरच थांबायचं, तेव्हा दुसरं काही हाती घ्यायचं नाही. सगळं जेवण वीस ते तीस मिनिटांत आटोपायचं. यातली दुसरी मर्यादा लोक विसरतात. सावकाश म्हणजे तासभर नव्हे. तेवढ्या वेळात नळीतलं अन्न पुढे सरकतं, जागा होते आणि तुम्ही न थांबता खात राहता, तरी भरल्याची खूण येत नाही. अर्धा तास झाला आणि अन्न उरलं, तर ते उरू द्या.

ताटात वाढून घेताना अंदाजाने नको, मापाने घ्या. ज्याला अजून खूण ओळखता येत नाही त्याने खुणेवर भिस्त ठेवू नये. आहारतज्ज्ञाने तुमच्या टप्प्यासाठी दिलेलं माप हा तात्पुरता कठडा आहे. जिना ओळखीचा होईपर्यंत धरायचा.

सूप आणि दह्याचं कोडं सोपं आहे. पातळ आणि मऊ पदार्थ त्या नळीत थांबतच नाहीत, पुढे निघून जातात. स्लीव्हनंतर जठर पूर्वीपेक्षा लवकर रिकामं होतं, त्यामुळे तर आणखीच. ताण पडला नाही, तर निरोप कसला जाणार? म्हणून पहिल्या आठवड्यांत, जेव्हा सगळा आहारच पातळ असतो, तेव्हा पोट भरल्याची वाट पाहायचीच नाही. त्या काळात घड्याळ आणि माप हेच खरं. शिवाय आतल्या भागाला सूज असते, मज्जातंतू दुखावलेले असतात, आणि जे जाणवतं ते भरवशाचं नसतं. चार महिन्यांनी मात्र तुम्हाला घट्ट अन्न चालत असेल, तर जेवणाची सुरुवात घट्ट प्रोटीनपासून करा: मासा, चिकन, उकडलेलं अंडं किंवा शाकाहारी असाल तर तसाच चावावा लागणारा पदार्थ. ते थांबतं, ताण पडतो, खूण उमटते. ते कोरडं मात्र नको. कोरडं चिकन आणि मऊ ब्रेडचा गोळा या दोन गोष्टी सर्वांत जास्त अडकतात. तुमचा सहावा घास कसला होता हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला शंका आहे की तो यातलाच असावा.

जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, ही सूचना तुम्हाला मिळालीच असेल. तिचं कारण लोकांना नीट सांगितलं जात नाही. पाणी अन्नाला पातळ करून पुढे ढकलतं आणि मिळू घातलेली खूण पुसून टाकतं. सोबत एक सावधानता: बिस्किटं, चिप्स, आईस्क्रीम, गोड पेयं हे पदार्थ तोंडात विरघळतात आणि नळीतून घसरत जातात. त्यांच्याबद्दल शरीर ‘पुरे’ म्हणेल अशी वाट पाहू नका, ते म्हणणार नाही. वजन पुन्हा वाढतं ते बहुतेकदा या वाटेने, थोडंथोडं दिवसभर तोंडात टाकत राहिल्याने. मोठ्या जेवणांनी क्वचितच.

आता तिसरी गोष्ट. पोट भरलं, पण मन भरलं नाही. मराठीत हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत हे मला नेहमी फार मोलाचं वाटतं. शास्त्राला हे मान्य व्हायला बराच काळ लागला. १९१२ साली कॅनन आणि वॉशबर्न या दोन संशोधकांनी पोटातल्या फुग्याच्या साहाय्याने दाखवलं, की भुकेच्या कळा जठराच्या आकुंचनाबरोबर येतात. फुगा गिळला होता वॉशबर्न यांनी स्वतः. भूक म्हणजे रिकामं पोट, असं समीकरण त्यातून रुजलं. पण १९३१ मध्ये वँगनस्टीन आणि कार्लसन यांनी संपूर्ण जठर काढलेल्या एका रुग्णाची हकीकत नोंदवली, आणि त्याला भूक लागत होती. जठरच नाही, तरी भूक. म्हणजे भूक आणि तृप्ती यांचं घर फक्त पोटात नाही.

पुढे संप्रेरकांचा शोध लागत गेला. १९७३ मध्ये दिसलं, की कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातलं संप्रेरक दिलं तर उंदीर लवकर खाणं थांबवतात. १९९९ मध्ये जपानमधल्या कोजिमा आणि कंगावा यांच्या गटाने घ्रेलिन शोधलं. ते भूक लावतं आणि मुख्यतः जठराच्या त्याच घुमटात तयार होतं, जो तुमच्या ऑपरेशनमध्ये गेला. म्हणून तुम्हाला सध्या भूक कमी आहे. जेवणानंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं आतड्यातून वाढतात आणि ‘आता नको’ असं सांगतात. बायपासनंतर ही वाढ ठळक असते, स्लीव्हनंतरही दिसते. म्हणजे तुमचं शरीर पूर्वीपेक्षा जोरात ‘पुरे’ म्हणतंय. तरीही समाधान नाही, ते का?

कारण समाधान चव, वास, पोत आणि आठवण यांतून बनतं. हे सांगायला दोन प्रयोग मला नेहमी आठवतात. १९८१ मध्ये बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखादा पदार्थ खाऊन झाला की त्याच पदार्थाची गोडी कमी होते, न खाल्लेल्या पदार्थांची तेवढी होत नाही. म्हणजे जिभेची तृप्ती त्या-त्या चवीपुरती असते. आठ पदार्थ समोर असले की आठ वेळा नव्याने भूक लागते. दुसरा प्रयोग १९९८ चा. पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मरणशक्ती गमावलेल्या दोन रुग्णांना जेवण दिलं, आणि काही मिनिटांनी पुन्हा जेवण पुढे ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. बऱ्याचदा तिसऱ्यांदाही खायला सुरुवात केली. पोट भरलेलं होतं, पण आपण जेवलो हेच आठवत नव्हतं. मी हे लोकांना सांगते तेव्हा ते हसतात आणि मग गप्प होतात. मोबाइलकडे बघत जेवलेल्या जेवणाची आपल्याला तरी कितीशी आठवण असते?

तुमचं जेवण आता एवढंसं आहे. पूर्वी वीस-पंचवीस घासांत मिळणारं समाधान सात-आठ घासांत मिळायचं असेल, तर त्या घासांकडे लक्ष द्यावं लागणार. म्हणून माझा आग्रह असा, की दिवसातून निदान एक जेवण टेबलाशी बसून, पडदा बंद करून घ्या. पहिले तीन घास सर्वांत चवदार असतात, ते वाया घालवू नका. गरम असायला हवं ते गरमच घ्या. कोमट, पिठाळ आणि बेचव प्रोटीन पावडर पिऊन कुणाचंही मन भरत नाही. आवश्यक तेवढं प्रोटीन पूर्ण करायला ती सुरुवातीला लागते, म्हणून तिला नावं ठेवत नाही, पण तिला जेवण म्हणू नका. प्रत्येक जेवणात मनापासून आवडणारी एक गोष्ट असलीच पाहिजे, भले चमचाभर असेल. ताटात दोन चवी ठेवा, फार तर तीन. एकाच चवीचा कंटाळा येतो, आणि सहा चवी भूक उगाच वाढवतात.

चव बदलल्याची तक्रारही पुष्कळ जण करतात. पूर्वी आवडणारं गोड आता नकोसं होतं, मांसाचा वास सहन होत नाही. ते खरं असतं, कल्पना नसते. आणि बऱ्याच जणांचं ते काही महिन्यांत बदलतही जातं. म्हणून जुन्या आवडींची यादी घेऊन बसू नका. महिन्यातून एकदा नाकारलेला पदार्थ पुन्हा जिभेवर ठेवून बघा.

याच्या पुढे एक गोष्ट आहे, जी कागदावरच्या आहारात मावत नाही. ऑपरेशनपूर्वी अन्न हे तुमच्यासाठी नुसतं अन्न नसणार. थकून आल्यावरची विसाव्याची जागा, भांडणानंतरची सोबत, एकटेपणातला आधार. ती जागा आता अर्ध्या वाटीत मावत नाही. जेवणानंतर जे ‘काहीतरी राहिलं’ असं वाटतं, ते पुष्कळदा या हरवलेल्या सोबतीचं दुःख असतं. माझ्यापुढे किती तरी लोक यावरून रडले आहेत, आणि दर वेळी त्यांना लाज वाटलेली असते: ‘अन्नासाठी काय रडायचं?’ रडावं. जे इतकी वर्षं आधार देत होतं ते गेलं, तर वाईट वाटणारच. ते दुःख ओळखता आलं, की त्याला भूक समजून खाणं थांबतं. आणि मग विचारता येतं, की थकून आल्यावर मला नेमकं काय हवं असतं? काहींना ते अर्धा तास पडून राहणं असतं, काहींना कुणाशी तरी बोलणं. याचं उत्तर तुमच्याआधी मी देऊ शकत नाही.

भुकेची सोंगं घेऊन येणाऱ्या काही गोष्टीही ओळखायला शिका. पहिलं सोंग अ‍ॅसिडचं. छातीच्या खाली पोखरल्यासारखं, जळजळीच्या अलीकडचं वाटतं, आणि दोन घास खाल्ले की बरं वाटतं. माणूस म्हणतो ‘भूक लागली’, पण असते आम्लता. जेवल्यावर तासाभरातच अशी ‘भूक’ लागत असेल, तर अ‍ॅसिडची गोळी बंद तर केली नाही ना, हे पाहा आणि सर्जनना सांगा, कारण त्यामागे अल्सरही असू शकतो. दुसरं सोंग तहानेचं. एकदम गटागट पिता येत नसल्यामुळे दिवसाचं दीड लिटर पाणी पूर्ण होत नाही, आणि वखवख होते. आधी चार घोट पाणी, पंधरा मिनिटं थांबा, मग ठरवा. तिसरं जरा गंभीर आहे. गोड किंवा मैद्याचं काही खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी थरथर, घाम, धडधड आणि प्रचंड भूक अशी एकत्र आली, तर ते रक्तातली साखर अचानक खाली गेल्यामुळे असू शकतं. याला उशिराचं डंपिंग म्हणतात. बायपासनंतर जास्त आढळतं, स्लीव्हनंतरही होतं. त्यावर उपाय आहेत, पण ‘माझी भूक आवरत नाही’ असं स्वतःला दोष देत बसलात तर ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

मनाची वखवख ओळखायला एक साधी कसोटी आहे. खरी भूक हळूहळू वाढते आणि तिला साधं उकडलेलं अंडंही चालतं. वखवख क्षणात येते, आणि तिला तोच एक पदार्थ हवा असतो.

आत्ता शिका असं मी आग्रहाने म्हणते, त्याला कारण आहे. सध्याची ही शांतता कायमची नाही. साधारण सहा महिने ते दीड वर्षाच्या काळात बहुतेकांची भूक परत येते. जेवणही वाढतं. वर्षभराने माणूस एका वेळी कपभर, कधी त्याहून थोडं जास्त खाऊ शकतो. त्या वेळी पुष्कळ लोक घाबरतात, ‘माझं पोट पुन्हा ताणलं’ म्हणतात आणि पुन्हा पातळ आहाराच्या ‘रीसेट’च्या मागे लागतात. माझं मत विचाराल तर हे रीसेट करू नका. चार दिवस पातळ आहार घेतल्याने जठर लहान होत नाही. होतं एवढंच, की माणूस उपाशी राहतो आणि पाचव्या दिवशी जास्त खातो. ज्याला ‘भूक नाही’ची खूण ओळखता येते, त्याला परत आलेल्या भुकेची भीती वाटत नाही.

हे सगळं शिकण्याबद्दल झालं. काही गोष्टी मात्र शिकण्याच्या नाहीत, डॉक्टरांना लगेच सांगण्याच्या आहेत. पाणीसुद्धा टिकत नसेल, किंवा रोज उलट्या होत असतील, तर थांबू नका. सतत उलट्यांमुळे थायामिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१, झपाट्याने कमी होतं. नजर दुहेरी होणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं आहेत. त्यात उशीर झाला तर मेंदूची हानी कायमची राहू शकते. पूर्वी नीट जाणारं अन्न आता सारखं अडकू लागलं, तर नळी अरुंद झाली आहे का हे तपासावं लागतं. डाव्या खांद्याच्या दुखण्याला मी वर खूण म्हटलं. पण त्यासोबत ताप, नाडी जलद होणं किंवा पोटात जोराचं दुखणं असेल, विशेषतः ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत, तर ती खूण नाही. थेट रुग्णालयात जा. आणि जेवण हाताबाहेर गेल्यासारखं वाटत असेल, लपून खाणं होत असेल, किंवा बरं वाटावं म्हणून मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर मला नाही तरी तुमच्या टीममधल्या समुपदेशकांना सांगा. ऑपरेशन पोटावर होतं, या सवयींवर होत नाही. त्यांच्यावर वेगळे आणि चांगले उपचार आहेत.

घरच्यांच्या प्रश्नाबद्दल. ‘एवढंसं पोट, तरी कळत कसं नाही?’ याला उत्तर द्या, की पोट लहान झालं म्हणूनच कळायला वेळ लागतोय, जुनी घंटा काढली आणि नवी अजून ओळखीची नाही. आणि ‘अजून एक घास घे’ म्हणणाऱ्यांना ‘पोट भरलं’ म्हणू नका, त्यावर आग्रह होतोच. ‘आता नको, तासाभराने घेईन’ म्हणा. हे खरंही असतं, आणि वाद होत नाही.

उद्यापासून दोन आठवडे दिवसातलं एकच जेवण निवडा, जे तुम्ही निवांत बसून घेऊ शकता. बाकीच्या वेळी फक्त मापाने जेवा, खुणा शोधू नका, नाहीतर दमून जाल. त्या एका जेवणानंतर वहीत तीन ओळी: थांबले तेव्हा ‘भूक नाही’ होती की ‘भरलं’ होतं, त्याच्या आधीच्या मिनिटात काय झालं, आणि मन भरलं का. तिसऱ्या ओळीत ‘नाही’ असेल तर त्यापुढे काय हवं होतं तेही लिहा, मग ते अन्न नसलं तरी. पुढच्या तपासणीला येताना ती वही सोबत आणा. वजनाचा आकडा नंतर बघू, आधी ती वाचू.